नाव गाळले, माणूस उघडाच राहिला

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काही महिन्यांपूर्वी तुमच्या दैनिकात आमच्या भागातल्या एका सरकारी कचेरीची बातमी आली होती. कुठली कचेरी, कुठली तारीख, कुठले पान, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवले आहे. तो कागद तुमच्यापुरता. बातमी खरी होती आणि यायलाच हवी होती. पण तिच्यात मध्येच तुमच्या वार्ताहराने लिहिले होते : 'कार्यालयातील एका मराठी भाषिक महिला कर्मचाऱ्याने नाव न छापण्याच्या अटीवर सांगितले.' नाव छापले नाही, म्हणजे शब्द पाळला, असे त्याला वाटले असेल. त्या कचेरीत मी पेन्शनच्या कामासाठी चार हेलपाटे घातले आहेत. तिथे मराठी बोलणारी बाई मोजायला एक बोट पुरते.

त्या मुलावर राग काढण्यासाठी हे पत्र नाही. तो कष्टाळू आहे, ऊन-पाऊस न बघता फिरतो. पण बातमी देणाऱ्या माणसाला झाकण्याची जी गोष्ट आमच्या घरात वर्षानुवर्षे जिवापाड सांभाळली गेली, ती त्याला कुणी शिकवलेलीच नाही असे दिसते.

माझे यजमान तालुका वार्ताहर होते. कुठल्या तालुक्याचे, कुठल्या पेपरचे, ते लिहीत नाही. खानापूर म्हणा, निपाणी म्हणा, चिकोडी म्हणा. बेळगाव जिल्ह्यात त्या पिढीचे मराठी वार्ताहर पुष्कळ होते आणि त्यांतले बरेच आता नाहीत. पोटापाण्याचे दुकान वेगळे आणि बातमीदारी त्याच्या जोडीला, असेच बहुतेकांचे असे. मानधन कॉलम सेंटिमीटरवर. महिनाअखेरीस कात्रणे कागदावर डकवून, मोजून पाठवायची, मग मनीऑर्डर यायची. मोजायची पट्टी माझी, शाळेतली. मी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. बातमीचे पाकीट संध्याकाळच्या शेवटच्या बसच्या कंडक्टरकडे द्यायचे; बेळगावच्या स्टँडवर पेपरचा माणूस ते उतरवून घ्यायचा. त्यांतले कितीतरी कंडक्टर कन्नड बोलणारे. पाकिटात काय आहे हे कुणी कधी विचारले नाही. त्यांची आठवण निघाली म्हणून लिहिले, कारण त्यांचे ऋण कुठेच नोंदलेले नाही.

रेशनवर रॉकेल मिळायचे तेव्हाची गोष्ट. रॉकेलच्या बातम्या तेव्हा प्रत्येक तालुक्यातून येत, म्हणून एवढे सांगायला हरकत नाही. एका रात्री दिवे गेलेले असताना एक माणूस आमच्या परसदारी आला. हातात बाजाराची पिशवी, तिच्यात भाजीखाली कागद. कार्डधारकांच्या नोंदवहीची हाताने उतरवलेली नक्कल. अक्षर कन्नड, आकडेही कन्नड. ह्यांना कन्नड बोलता यायचे, छापील वाचता यायचे, पण हाताचे अक्षर अडायचे. म्हणून कंदिलाशी बसून मी वाचत गेले आणि हे मराठीत उतरवत गेले. दुसऱ्या कागदावर मी थांबले. ज्यांच्या तेराव्याला मी जाऊन आले होते, त्या आजोबांचे नाव यादीत होते आणि त्यांच्या नावापुढे त्या महिन्याचे लिटर मांडलेले होते. त्यांचा नातू माझ्या वर्गात होता. मग आणखी नावे दिसू लागली. शिक्षकांना मतदारयादी आणि जनगणनेची कामे असतात, दारोदार फिरून कोण आहे, कोण गेले, हे आम्हांला पाठ असते.

मला वाटले, उद्याच्या पाकिटात ही बातमी जाणार. ह्यांनी कागद खाली ठेवले आणि म्हणाले, "कागदावरनं कळलं, खरं कागदावरनं लिहायचं नाही." (आमच्याकडे 'पण' ला 'खरं' म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी.) पुढचे तीन आठवडे हे सायकलवरून त्या गावांत गेले. घरच्यांशी बोलले, कार्डे पाहिली, माणूस कधी वारला ते विचारले. बातमी लिहिली ती गावाच्या बाजूने : अमुक घरातले आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांच्या कार्डावर गेल्या महिन्यात रॉकेल उचलले गेले आहे. त्या बातमीत कर्मचारी नव्हता, सूत्र नव्हते, 'समजते' नव्हते. तीन नावे फक्त नोंदवहीतच होती, गावात त्यांचा माग लागला नाही. तीच सगळ्यांत मोठ्या लिटरची होती. ती ह्यांनी सोडून दिली. छापली असती तर बातमी पहिल्या पानावर गेली असती, पण मग ती नोंदवहीतूनच आली हेही त्याच पानावर लिहिल्यासारखे झाले असते. नक्कल मी त्याच पहाटे बंबात घातली.

एवढे करूनही व्हायचे ते झाले. बातमी आल्यावर तिसऱ्या दिवशी ह्यांना पोलीस ठाण्यात बोलावणे आले. सकाळी दहाला गेले ते दिवेलागणीला परतले. मारहाण नाही, शिवीगाळ नाही, दोनदा चहाही दिला. प्रश्न एकच, "यारु कोट्रु?" कुणी दिले? हे दर वेळी सांगत होते, "गावात जाऊन विचारलं." आणि ते खरेच होते. पण त्या कचेरीने मनाशी ठरवून टाकले होते : मराठी पेपरात आले, म्हणजे आपल्यातल्या मराठी माणसानेच दिले. तिथे मराठी बोलणारे कारकून दोन. महिना संपायच्या आत त्यांतल्या एकाची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली. घरी म्हातारी आई, मुले शाळेत.

आता ह्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. ज्याची बदली झाली त्यानेच कागद दिले होते असे समजा. त्याला वाचवायला वरिष्ठांकडे शब्द टाकावा, तर संशयावर शिक्काच बसला. त्याने दिले नव्हते असे समजा. मग एका निरपराध माणसाचा संसार विस्कटलेला डोळ्यांनी दिसतो आहे, आणि 'हा नव्हे' एवढे दोन शब्द बोलले की तो सुटेल. पण दोघांतला एक नव्हे म्हटले की दुसराच उरतो. ह्यांनी तोंड उघडले नाही. दोघांतला कोण, की तिसराच कुणी, हे मी आजही लिहिणार नाही. तिसराही असू शकतो. मराठी पेपरला बातमी मराठी माणूसच देतो, हा समज मुळातच खोटा आहे. ह्यांना कितीतरी बातम्या कन्नड बोलणाऱ्यांनी दिल्या. आपल्यावर कुणाची नजर जाणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि लोकांचे भले व्हावे असे त्यांनाही वाटत होते.

बदली झालेल्याची बायको माझी मैत्रीण. त्या वर्षीपासून ती हळदीकुंकवाला आली नाही. एकदा सोमवारच्या बाजारात समोरासमोर आलो. तिने एवढेच विचारले, "बाई, तुमच्या ह्यांना खरं काय ते म्हाईत हाय न्हवं?" मी हातातली मेथीची जुडी उलटसुलट करत राहिले. उत्तर दिले नाही. नंतर तिची माझी भेट झाली नाही. ह्यांनी त्या माणसाच्या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी काही वर्षे शाळेच्या नावाने पैसे पाठवले. कुणाचे हे त्यांना कळू दिले नाही. पैशाने ते भरून येत नाही, हे आम्हां दोघांनाही कळत होते.

कायद्यात याला काही आधार आहे का, हे मी ह्यांच्या माघारी नात्यातल्या एका वकिलाला विचारले. त्याने सांगितले ते ऐकून मी थक्क झाले. १८७२ च्या पुरावा कायद्यात १२२ वे कलम होते, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १२८ वे आहे. नवरा-बायकोत संसार चालू असताना जे बोलणे झाले, ते सांगण्याची सक्ती कोर्ट करू शकत नाही. काही अपवाद आहेत, पण ते एकमेकांवरच्या खटल्यांपुरते. नवरा वारला तरी हे संरक्षण जात नाही. म्हणजे ह्यांनी रात्री जेवताना मला ते नाव सांगितले असेल, तर ते माझ्यापाशी सुरक्षित. वकिलाला अशिलाने सांगितलेले सुरक्षित. आणि त्याच अधिनियमातले १३१ वे कलम असे की, गुन्ह्याची खबर कुणी दिली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही; महसुली गुन्ह्याच्या खबरीबाबत महसूल अधिकाऱ्यावरही नाही. दिवसभर 'यारु कोट्रु' विचारणाऱ्या साहेबांचा खबऱ्या कायद्याने झाकलेला, आणि ज्यांना विचारत होते त्यांचा खबऱ्या मात्र उघड्यावर.

पत्रकारासाठी जे आहे ते फार थोडे आहे. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्यात १५ व्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे की, बातमी कुठून मिळाली हे सांगायला वृत्तपत्राला, संपादकाला किंवा पत्रकाराला भाग पाडता येणार नाही. पण हे फक्त कौन्सिलपुढच्या चौकशीपुरते. कोर्टाला आणि पोलिसांना ते लागू नाही. १९८३ साली विधी आयोगाने, म्हणजे कायद्यांबद्दल सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळाने, नेमक्या याच विषयावर ९३ वा अहवाल दिला. गुप्ततेच्या वचनावर मिळालेल्या माहितीचा उगम सांगण्याची सक्ती कोर्टाने करू नये, असे १३२-अ कलम पुरावा कायद्यात घाला, ही त्यातली शिफारस. पुढे चाळीस वर्षांनी अख्खा पुरावा कायदाच नव्याने लिहिला गेला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाला. पोलिसांचा खबऱ्या नव्या कायद्यात आला, वकिलाचा अशील आला, नवरा-बायको आले. पत्रकाराची ती एक ओळ आली नाही. घर पाडून नवे बांधताना जी खिडकी चाळीस वर्षे मागितली होती ती पुन्हा विसरावी, तसे झाले.

सर्वोच्च न्यायालयाने याबाबत बोललेच नाही असे नाही. वृत्तपत्राचे स्वातंत्र्य हे घटनेच्या १९ (१) (अ) मध्येच, म्हणजे भाषण आणि अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यातच आहे, हे आपल्या 'सकाळ'च्या पाने आणि किमतीवरच्या १९६१ च्या निकालाने मराठी वाचकांना ठाऊक आहे. फोनवर चोरून पाळत ठेवणाऱ्या पेगासस सॉफ्टवेअरच्या प्रकरणातल्या २७ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात तर न्यायालयाने स्पष्ट म्हटले की, पत्रकारांच्या सूत्रांचे संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट आहे. मोठ्या कोर्टाचा असा शब्द आहे याचा मला आधार वाटतो. पण तालुक्याच्या ठाण्यात बाकावर बसलेला वार्ताहर हा आदेश खिशातून काढून दाखवणार आहे का? त्याला कायद्याच्या पुस्तकातले कलम लागते, ज्याचा आकडा त्या साहेबांनाही पाठ असेल.

शेजारच्या राज्यात थोडे वेगळे आहे. आमच्या कोगनोळी नाक्यापलीकडे कागलमध्ये वार्ताहरावर हल्ला झाला तर महाराष्ट्राचा २०१७ चा पत्रकार संरक्षण कायदा लागू होतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नाक्याच्या अलीकडे, आमच्या कर्नाटकातल्या निपाणीत, तो लागू नाही. पण त्या कायद्यातही सूत्राबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे या एका बाबतीत सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच.

आता तुमच्याबद्दल बोलते, संपादक महोदय, आणि तुम्ही रागावणार नाही असा विश्वास आहे.

कायदा पाठीशी नाही म्हणून जबाबदारी सगळी पेपरवर येते. ती दोन बाजूंची आहे. एक बाजू खरेपणाची. १८८२ साली कोल्हापूरच्या छत्रपतींच्या प्रकरणात 'केसरी' आणि 'मराठा' यांनी हाती आलेल्या पत्रांवर विसंबून दिवाण बर्वे यांच्यावर लिहिले. पत्रे बनावट ठरली आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. एवढ्या मोठ्या माणसांना हातातल्या कागदाने दगा दिला. म्हणून मला तुमच्या पानांवरचे 'विश्वसनीय गोटातून समजते' आणि 'सूत्रांनुसार' खटकते. कुणाला तिकीट मिळणार, कोण कुठल्या पक्षात जाणार, याला सूत्र कशाला हवे? चहाच्या गाड्यावरची गोष्ट सूत्राच्या नावाने छापत गेलात, तर ज्या दिवशी खरोखर कुणीतरी नोकरी पणाला लावून बोलेल, त्या दिवशी त्या शब्दाला वजन उरणार नाही.

दुसरी बाजू झाकण्याची. इथे नुसते नाव गाळून भागत नाही, आमच्या सीमाभागात तर नाहीच. इथे भाषा हेच अर्धे नाव असते. कचेरीत पंचवीस माणसे असतील, पण 'मराठी भाषिक' म्हटले की दोन-तीनच उरतात. 'महिला' म्हटले की एक. 'गेली काही वर्षे याच विभागात असलेल्या' असे जोडले की तिचा डबाही कुठला ते सांगता येते. परिपत्रके सगळी कन्नडमध्ये. ती मराठीत समजावून सांगणारा माणूस हादेखील सूत्रच, पण त्याला कुणी तसे मानत नाही. 'आमच्या प्रतिनिधीला अर्थ सांगताना एका लिपिकाने' असे सहज छापून मोकळे होतात. आणि हल्ली कागदाचा फोटो छापतात. त्या फोटोत कोपऱ्यावरचा आवक क्रमांक असतो, पेनची खूण असते, खाली टेबलावरची काच असते, एकदा तर अंगठा आणि त्यातली अंगठीही होती. कुठल्या टेबलावरची प्रत आहे हे शोधायला त्या कचेरीला किती वेळ लागणार?

आमच्या वेळी कागद बंबात घातला की संपले. आता सगळे फोनमध्ये असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) ९४ व्या कलमाने कागदपत्रांप्रमाणे फोनसारखी साधनेही हजर करायला सांगता येतात. एका बातमीसाठी फोन दिला, की त्यात गेल्या पाच वर्षांत विश्वासाने बोललेली सगळी माणसे गेली. पत्रकारांची उपकरणे जप्त करण्याबाबत मार्गदर्शक नियम हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारला बजावले होते. तुमच्या तालुका वार्ताहरांना कुणी एकत्र बसवून हे सांगितले आहे का? संदेश पुसून टाकावेत, नंबर माणसाच्या नावाने आणि कचेरीच्या नावाने साठवू नये, एवढे तरी?

नाव फुटले की काय होते, याचे उदाहरण आपल्या देशात आहे. सत्येंद्र दुबे हे महामार्गाच्या कामावरचे तरुण इंजिनिअर. कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी थेट पंतप्रधानांच्या कार्यालयाला पत्र लिहिले आणि आपले नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र त्यांच्या नावासकट कचेऱ्याकचेऱ्यांतून फिरले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे त्यांचा खून झाला. अशा माणसांच्या संरक्षणासाठी संसदेने २०१४ साली कायदा केला, पण तो अमलात आलेलाच नाही. मी शाळेत मुलांना खरे बोलायला शिकवले. माझ्या मुलांपैकी कुणी आज कारकून असेल, ग्रामपंचायतीत असेल, आणि खरे बोलायला तुमच्या दारात आला असेल. त्याचे काय करायचे हे तुमच्या हातात आहे.

माझी मागणी फार मोठी नाही. नाव न छापण्याच्या अटीवरची बातमी आली की, उद्या सकाळी त्या कचेरीत लोक कुणाकडे वळून बघतील, हे तुमच्या उपसंपादकाने वार्ताहराला विचारावे. उत्तर एकाच माणसावर जात असेल, तर ते वाक्य काढावे आणि बातमी दुसऱ्या बाजूने पुन्हा बांधावी. तीन आठवडे लागले तर लागू द्यावेत. त्या बाईंची चौकशी तुमच्यातल्या कुणीतरी, कचेरीत न जाता, घरच्या माणसांकडून करावी. तिला काही त्रास झाला असेल तर वकिलाचा खर्च तुमचा, हे मी तुम्हांला सांगायला नको.

राहता राहिल्या ह्यांच्या वह्या. ह्यांच्या आजारपणात मी विचारले होते, यांचे काय करू? म्हणाले, "मी असेपर्यंत राहू देत." पुढे पत्रकारिता शिकणारा एक मुलगा त्या मागायला आला होता, अभ्यासासाठी. चांगला मुलगा, पायांना हात लावून बसला. मी त्याला कात्रणांचे बाड दिले, पट्टीने मोजलेले, तारखांसकट. वह्या दिल्या नाहीत. त्यांत ह्यांनी नावे कधीच लिहिली नव्हती, 'मेथी', 'दुसरी घंटा', 'आईचा पत्ता' अशा खुणा होत्या. पण त्या खुणा मला लागतात, म्हणजे आणखी कुणाला लागणार नाहीत असे नाही. पावसाळ्याच्या तोंडाला, आंघोळीच्या पाण्याखाली, रोज एक याप्रमाणे सगळ्या घातल्या. शेवटची घालताना हात अडला, कारण तिच्यात मधल्या पानावर माझ्यासाठी किराणा मालाची यादी होती. ते पान तेवढे फाडून ठेवले आहे.

हे पत्र छापणार असाल तर माझे नाव घालू नका, गाव घालू नका, आणि 'अमुक तालुक्यातील शिक्षिका' असेही नको. ह्यांचे नाव कळले की गाव कळेल, गाव कळले की कचेरी कळेल, आणि त्या कचेरीत मराठी कारकून दोनच होते. पत्र आमच्या गावच्या पेटीत न टाकता बेळगावच्या मुख्य पोस्टात येऊन टाकते आहे. मजकूर टाइप झाला की माझा मूळ कागद फाडून टाकावा. माझे अक्षर ओळखणारे दोन विद्यार्थी तुमच्याच कचेरीत आहेत.

आपली,
एक जुनी वाचक
(नाव व पत्ता वेगळ्या कागदावर, छापण्यासाठी नाही)